बेचाळिसाव्या दिवसानंतर आई कुठे जाते?

आपल्याकडे बाळंतपण बातमीत येते ते दोन प्रसंगी. बाई दगावली तर, किंवा बाळ रुग्णवाहिकेत, रेल्वेच्या डब्यात, नाहीतर दवाखान्याच्या पायरीवर जन्मले तर. याखेरीज वर्षा-दोन वर्षांनी एक तिसरी, आनंदाची बातमी येते : देशातील मातामृत्यूंचे प्रमाण आणखी घटले. ही बातमी खरी असते आणि तिचा आनंद मानावा अशीच असते. राजस्थानचेच पाहा. २००४–०६ या काळात तिथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३८८ माता मरत होत्या. २०१८–२० मध्ये हा आकडा ११३ वर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) राजस्थानात ९४.९ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्या. महाराष्ट्राचा आकडा ९४.७ आहे. ज्या राज्याला आपण एरवी मागास म्हणून नाक मुरडतो, ते या बाबतीत आपल्या बरोबरीला येऊन बसले आहे. यामागे २००५ साली सुरू झालेली जननी सुरक्षा योजना आहे, गावोगावच्या आशाताईंची पायपीट आहे, आणि जयपूरच्या चांदपोलचा जनाना दवाखाना किंवा सांगानेरी गेटचे महिला चिकित्सालय यांसारख्या सरकारी रुग्णालयांत रात्रंदिवस राबणाऱ्या परिचारिका आहेत. त्यांचे श्रेय त्यांना निर्विवाद द्यायला हवे.

माझे भांडण आहे ते या यशाच्या व्याख्येशी.

मातामृत्यूच्या शास्त्रीय व्याख्येत काळाची एक मर्यादा आहे : गरोदरपणात, प्रसूतीत, किंवा गर्भावस्था संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत झालेला मृत्यू. मोजमापासाठी कुठेतरी रेघ ओढावी लागते, ती इथे ओढली. त्यात गैर काही नाही. गैर असे घडले की मृत्यू मोजण्यासाठी ओढलेली ही रेघ आपण काळजी थांबवण्याचीही रेघ करून टाकली. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. ताप आहे का, रक्तस्राव अति होतो का, दुर्गंधी येते का, स्तनांत गाठ आहे का, हे विचारतात. हे प्रश्न जीव वाचवणारे आहेत. पण त्रेचाळिसाव्या दिवशी आईची वही मिटते. बाळाची मात्र चालू राहते. २०१८ पासूनच्या कार्यक्रमानुसार आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात त्याच घरी पुन्हा जातात. बाळाचा आहार, वाढ, लसी पाहतात. दार उघडायला आईच येते. पण तिच्या शरीराचे काय झाले, हा त्या पाच भेटींचा विषय नसतो.

त्या शरीराचे काय झालेले असते, याचा जगभराचा हिशेब डिसेंबर २०२३ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या त्या अभ्यासाचा अंदाज असा की दरवर्षी किमान चार कोटी स्त्रियांना बाळंतपणामुळे दीर्घकाळ टिकणारी एखादी व्याधी जडते. प्रसूतीनंतर शरीरसंबंधांच्या वेळी वेदना होणाऱ्या ३५ टक्के, कंबरदुखी ३२ टक्के, शौचावर किंवा वाऱ्यावर ताबा न राहणाऱ्या १९ टक्के, आणि लघवी निसटणाऱ्या ८ ते ३१ टक्के. यांतली बरीचशी दुखणी काही महिने, काही तर वर्षानुवर्षे राहतात. याच अभ्यासातली अधिक बोचरी गोष्ट पुढे आहे. तपासलेल्या ३२ प्रमुख व्याधींपैकी ४० टक्के व्याधींसाठी बारा वर्षांच्या साहित्यात एकही अद्ययावत, उत्तम प्रतीची उपचार-मार्गदर्शिका सापडली नाही. आणि जी सापडली त्यांतली एकही गरीब वा मध्यम उत्पन्नाच्या देशातून आलेली नव्हती. म्हणजे जगातली बहुसंख्य बाळंतपणे जिथे होतात, तिथे त्यांच्या परिणामांवर शहाणपणाने लिहिलेला एक कागदही निघालेला नव्हता.

हा प्रश्न नीट कळायचा तर आधी ओटीपोटाचा तळ म्हणजे काय ते पाहू. कमरेच्या हाडांच्या कड्याला खालून तळ लागतो. पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत ताणलेली स्नायूंची ती एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय हे तिघे तिच्यावर विसावतात आणि त्यांची दारेही तीच आवळून धरते. आपण खोकतो, शिंकतो, हंडा उचलतो, तेव्हा पोटातला दाब वाढतो. त्याच क्षणी ही झोळी आवळली जाते म्हणून लघवी निसटत नाही. गरोदरपणाचे नऊ महिने हिच्यावर वाढता भार असतो. प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके बाहेर येताना तिचा आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जातो, असे मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली संगणकीय प्रतिमानातून दाखवले. दंडाचा किंवा पोटरीचा स्नायू इतका ताणला तर फाटेलच. हा बहुधा टिकतो, ही निसर्गाची किमया. पण अनेकींचा हाडापासून सुटतो, त्याला चेतना देणारी नस दबते, किंवा तळाशी पडलेली चीर गुदद्वारापर्यंत जाते. सिझेरियन झाले म्हणून सुटका होतेच असेही नाही. नऊ महिन्यांचा भार तिलाही चुकलेला नसतो, आणि पोटाची भिंत तर कापलेलीच असते. पण राजस्थानात सिझेरियनचे प्रमाण केवळ १०.४ टक्के आहे (महाराष्ट्रात २५.४). म्हणजे तिथल्या दहापैकी जवळपास नऊ बायकांच्या बाळंतपणाचा सगळा ताण या झोळीवरूनच गेलेला असतो.

आता जयपूर या शहराचे नाव मुद्दाम का घ्यावे ते सांगतो. जगाच्या वैद्यकीय नकाशावर जयपूर आहे ते एका पायामुळे. साठच्या दशकाच्या अखेरीस सवाई मानसिंह रुग्णालयातले अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ‘जयपूर फूट’ घडवला. त्या वेळी कृत्रिम पाय नव्हते असे नाही. पाश्चात्त्य बनावटीचे पाय इथे मिळत होते. पण ते बुटात घालायचे, खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचे पाय होते. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी चालतो, चिखलात शेत करतो. तो पाय त्याच्या उपयोगाचा नव्हता म्हणून तो बसवून घेऊनही लोक तो कोपऱ्यात टाकून देत. सेठी आणि शर्मा यांनी रबराचा असा पाय केला की जो या सगळ्याला पुरा पडेल. १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली, आणि पुढे हा पाय देशोदेशी गेला. १९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातही गावोगावच्या शिबिरांमुळे ‘जयपूर फूट’ हा शब्द घराघरांत माहीत आहे.

या शहराने जगाला पुनर्वसनाचा धडा दिला. जखम भरली म्हणजे उपचार संपले असे होत नाही. माणूस पुन्हा आपल्या जमिनीवर, आपल्या कामाला, आपल्या रीतीने उभा राहिला की ते संपतात. पाय गेलेल्या माणसाबाबत हे आपल्याला पटते. ती हानी दिसते, आणि तो बहुतेकदा कमावता पुरुष असतो. बाळंतिणीची हानी लुगड्याआड असते, आणि तिच्या कष्टाला आपण कमाई म्हणत नाही. त्यामुळे जयपूरचाच धडा जयपूरच्याच आईला लागू करण्याचे आपल्याला सुचलेले नाही.

‘आमच्याकडे परंपरेने हे सगळे होतेच’ असे यावर कोणी म्हणेल. राजस्थानात बाळंतपणाच्या विसाव्याला ‘जापा’ म्हणतात. आपला सव्वा महिना तसा त्यांचा जापा. सुंठ, गोंद, ओवा घातलेले लाडू, मालिश, शेक, पोट बांधणे, आणि परक्याची वर्दळ नाही. आपल्याकडची शेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, धुरी यांचे हे सख्खे भावंड. मी या परंपरेची थट्टा करणार नाही. एरवी वर्षभर विसावा न मिळणाऱ्या बाईला हक्काने झोपू देणारी ती एकमेव व्यवस्था होती, आणि ज्या घरांत ती आज उरली नाही तिथल्या बायका तिला मुकल्याच आहेत.

पण विसावा आणि पुनर्वसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाप्याचा शेवट कसा होतो ते पाहा. महिना-सव्वा महिन्याने ‘कुआँ पूजन’ होते. बाळंतीण माहेरून आलेली पिवळी ओढणी घेते, गाणी म्हणत बायका तिला विहिरीवर नेतात, ती विहिरीची पूजा करते आणि डोक्यावर पाण्याचे भांडे घेऊन परतते. शहरात आता विहिरीच्या जागी हातपंप किंवा नळ आला आहे. पूर्वापार हा मान मुलगा झाला तरच मिळे. मुलगी झाल्यावरही कोणी कुआँ पूजन केले तर त्याची कौतुकाने बातमी होते. त्या विधीचा अर्थ उघड आहे : विसावा संपला, आता पाणी भरायला लाग. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो. काल गादीवर असलेल्या, ताणलेल्या, कदाचित फाटलेल्या झोळीवर आज हा भार. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला सव्वा महिना निजवून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी मैदानात सोडले, तर त्या प्रशिक्षकाला आपण काय म्हणू? घागरीला माझा आक्षेप नाही. पाणी कुणीतरी आणायचेच आहे, आणि ते तीच आणणार हे आजचे वास्तव आहे. आक्षेप आहे तो गादी आणि घागर यांच्यामध्ये एकही पायरी नसण्याला.

ती पायरी कशी असते हे विज्ञानाला पाऊणशे वर्षे ठाऊक आहे. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. लघवीची गळती थांबवायला प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया लागत नाही, स्नायूला शिकवता येते, हे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर या उपचाराच्या कितीतरी चाचण्या झाल्या. खोकता-शिंकताना लघवी निसटणाऱ्या स्त्रियांवरच्या चाचण्यांचे ‘कॉक्रेन’चे २०१८ चे समालोचन सांगते की व्यायाम शिकवलेल्यांपैकी ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झालो असे सांगितले, न शिकवलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. अंग बाहेर येण्याच्या तक्रारीवर ४४७ स्त्रियांची चाचणी २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली, व्यक्तिगणिक शिकवलेल्या व्यायामाने त्यांचा त्रास कमी झाला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शिका गळतीवर पहिला उपचार म्हणून किमान तीन महिने देखरेखीखालचा व्यायामच सांगते. फ्रान्समध्ये तर प्रसूतीनंतरच्या या उपचाराचा खर्च आरोग्य विमा उचलतो.

‘देखरेखीखालचा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. १९९१ मधल्या एका छोट्या अभ्यासात ४७ स्त्रियांना हा व्यायाम केवळ तोंडी समजावून सांगितला. साधारण निम्म्याच जणींना तो नीट साधला. पाव जणी तर उलटे करत होत्या, म्हणजे आवळण्याऐवजी खाली जोर देत होत्या. त्याने त्रास वाढू शकतो. भिंतीवर तक्ता लावून किंवा मोबाइलवर चित्रफीत पाठवून हे काम भागत नाही, ते यासाठी. प्रशिक्षित हाताने एकदा तपासून ‘हो, हाच तो स्नायू’ असे सांगावे लागते. पुढचे घरी होते. आणि ते जयपूर फूटच्या तत्त्वाने, बाईच्या कामाच्या रीतीने शिकवावे लागते : घागर उचलण्याआधी आवळ, मग उचल, खोकला येतोय, आधी आवळ. ही युक्ती वयस्क स्त्रियांनाही आठवडाभराच्या सरावात साधली आणि खोकताना होणारी त्यांची गळती घटली, असे १९९८ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण विरोधक तो मांडतीलच. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये प्रसूतीपश्चात काळजीच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. लघवी-शौचाची गळती टाळण्यासाठी सरसकट सर्व बाळंतिणींना प्रसूतीनंतर हा व्यायाम सुरू करायला लावण्याची शिफारस त्यात केलेली नाही. मग हा आग्रह कशासाठी? शिफारस नीट वाचली तर तिचे उत्तर तिच्यातच आहे. ती लक्षणे नसलेल्यांना प्रसूतीनंतर सरसकट व्यायाम देण्याविषयी आहे. लक्षणे असलेल्या बाईच्या उपचाराविषयी नाही. प्रतिबंधाचा पुरावा भक्कम आहे तो गरोदरपणात सुरू केलेल्या व्यायामाबाबत. ‘कॉक्रेन’च्या २०२० च्या समालोचनात २१ देशांतील ४६ चाचण्या आणि १०,८३२ स्त्रिया होत्या, गळती नसलेल्या ज्या स्त्रियांनी गरोदरपणातच सराव सुरू केला, त्यांना शेवटच्या महिन्यांत आणि प्रसूतीनंतर तीन ते सहा महिन्यांनीही गळतीचा त्रास कमी झाला. थोडक्यात, विज्ञान आपल्याला सांगते की गरोदरपणात शिकवा, प्रसूतीनंतर विचारा, जिला त्रास आहे तिला उपचार द्या. आपण यांतले काय करतो? शिकवत नाही, विचारत नाही, आणि त्रास घेऊन ती स्वतः आली तर ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ असे सांगून परत पाठवतो.

या परत पाठवण्याची किंमत काय, ते जयपूरला लागून असलेल्या दौसा जिल्ह्याने आणि आपल्या बीडने दाखवले आहे. अंगावरून पांढरे जाणे, कंबरदुखी, अंग बाहेर येणे, लघवी निसटणे या तक्रारी वर्षानुवर्षे कोणी ऐकल्या नाहीत. अखेर एकच उपाय हाती आला : ‘पिशवी काढून टाका.’ दौशातल्या खासगी दवाखान्यांत विनाकारण गर्भाशये काढली जात असल्याचे प्रकरण २०११ च्या सुमारास बाहेर आले. राजस्थानात चित्तोडगढ भागात काम करणारे डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधील अशा प्रकारांबाबत सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. एप्रिल २०२३ मध्ये, तब्बल दहा वर्षांनी, न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा असा आदेश राज्यांना दिला. इकडे बीडमध्ये २०१९ साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या सगळ्यांच्या मुळाशी बाळंतपणाची दुखापत होती असा दावा मी करत नाही. दारिद्र्य, मुकादमाचा दंड, मासिक पाळीच्या काळातली सोय नसणे आणि दवाखान्यांचा लोभ ही मोठी कारणे आहेत. पण पहिल्या पायरीचा उपचार ज्या व्यवस्थेत नाही, तिथे शेवटच्या पायरीचा बाजार भरतो, हे मात्र खरे. आणि गर्भाशय काढल्याने सैल झोळी घट्ट होत नाही. उलट स्वीडनमधील मोठ्या अभ्यासाने २००७ मध्ये दाखवले की गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना पुढे गळतीसाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागण्याचा धोका दुपटीहून अधिक असतो.

प्रशासनाचा ठरलेला युक्तिवाद असा : आधी जीव वाचवू, मग बाकीचे. दर लाखामागे ३८८ माता मरत असताना हा युक्तिवाद खरा होता. ११३ वर आल्यानंतर ती सबब होते. ज्या बायका पूर्वी मेल्या असत्या त्या आता जगल्या आहेत, कित्येक तर अवघड प्रसूतीतून. त्यांच्या जगण्याची जबाबदारी वाचवणाऱ्यावरच येते. ग्रामीण राजस्थानातल्या आईला दवाखान्यात बाळंत होण्यासाठी सरकार १४०० रुपये देते. तिला घरातून दवाखान्यात आणण्याची हमी ज्यांनी घेतली, त्यांना दवाखान्यातून ती कोणत्या शरीराने घरी गेली हे विचारावेच लागेल.

आणि हे आपल्याला ठाऊक नव्हते असेही नाही. १९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते; त्यात जंतुसंसर्गाचा वाटा मोठा होता. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. पुढे २००४ मध्ये त्यांच्याच चमूने ३९ गावांतल्या ७७२ बाळंतपणांचा मागोवा घेतला, तेव्हा निम्म्याहून अधिक स्त्रियांना प्रसूतीत किंवा बाळंतपणाच्या काळात काही ना काही आजार झालेला दिसला. याच गडचिरोलीत नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग झाला, आणि तो २०११ पासून देशाचा कार्यक्रम बनला. आशाताईंच्या वर सांगितलेल्या भेटींचे मूळ तिथे आहे. एकाच जिल्ह्याने देशाला बाळाविषयीही शिकवले आणि आईविषयीही. बाळाचा धडा देशाने गावोगाव नेला. आईचा ग्रंथालयात राहिला.

जिथे सरकार नाही तिथे बाजार असतोच. मोबाइल उघडा, ‘सहा आठवड्यांत पूर्वीची फिगर’, पोटाचे पट्टे, विजेवर चालणारी उपकरणे, हजारोंचे ऑनलाइन वर्ग. यांतला काही माल उपयोगी असेलही. पण त्याचा प्रश्न ‘ती कशी दिसते’ हा आहे, ‘ती शिंकू शकते का’ हा नाही. आणि तो पोचतो जयपूरच्या मालवीयनगरपर्यंत; दौशाच्या वाडीपर्यंत पोचत नाही. दुसरीकडे आपल्या वैद्यकीय जगाचे लक्ष कुठे होते? फिजिओथेरपिस्टांनी नावापुढे ‘डॉ.’ लावावे की नाही यावर सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढले, दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले, आणि देशभर दोन्ही बाजूंनी रण माजले. नावापुढे काय असावे यावर जेवढी शाई सांडली, त्याच्या दशांश तरी बाळंतिणीच्या खाटेपाशी कोण उभे असावे यावर सांडायला हवी होती.

मागणी काय, ते नेमके सांगतो. तिच्यासाठी नवे रुग्णालय लागत नाही.

एक : दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रिया तपासणीला येतातच. त्या दिवशी या स्नायूंचा व्यायाम शिकवा, आणि तो बरोबर होतो आहे हे तपासा. दोन : जिथे वर्षाला हजारो प्रसूती होतात अशा प्रत्येक सरकारी स्त्री-रुग्णालयात या कामात तयार असलेली फिजिओथेरपिस्ट नेमा. गुदद्वारापर्यंत चीर गेलेली किंवा चिमटा लावून प्रसूत झालेली प्रत्येक बाई तिला भेटल्याशिवाय घरी जाऊ नये. तीन : अंग बाहेर येणे किंवा गळती या कारणासाठी गर्भाशय काढायचे असेल, तर आधी व्यायामाचा आणि आधाराच्या कड्याचा उपचार देऊन पाहिल्याची नोंद केसपेपरवर सक्तीची करा. चार : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीच्या गोषवाऱ्यात १३१ निर्देशक होते, गळतीचा किंवा अंग बाहेर येण्याचा त्यात एकही नव्हता. पुढच्या फेरीत तो घाला. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात रकाना पडत नाही.

आणि पाचवी मागणी सर्वांत स्वस्त. डेन्मार्कमध्ये पहिलटकरणींचा पाच वर्षे पाठपुरावा केला गेला. ज्यांची गळती प्रसूतीनंतर तीन महिन्यांनीही थांबली नव्हती, त्यांतल्या ९२ टक्के जणींना ती पाच वर्षांनीही होती. म्हणजे ‘आपोआप जाईल’ म्हणून वाट पाहण्याची मुदत तिसऱ्या महिन्यापर्यंतच आहे. नेमक्या त्याच महिन्यात आशाताई त्या घरी बाळासाठी जाणार आहेत. बाळाचे पाहून झाले की त्यांनी सासूला जरा बाहेर बसवून आईला चार प्रश्न विचारावेत. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना लघवी निसटते का? वारा किंवा शौच रोखता येत नाही असे होते का? खाली काही उतरल्यासारखे, जड वाटते का? टाक्यांच्या जागी, कमरेत, किंवा नवऱ्याजवळ जाताना दुखते का? एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर तिला चिठ्ठी देऊन पुढे पाठवावे. लघवी थेंबाथेंबाने सतत, अजिबात न थांबता गळत असेल, तर मूत्राशयाला छिद्र पडल्याची शंका धरून तातडीने शल्यविशारदाकडे न्यावे; तिथे व्यायामाचे काम नाही. आणि या जादा कामाचा जादा मोबदला आशाताईंना द्यावा, कारण बाईच्या आरोग्याचे प्रत्येक नवे काम दुसऱ्या बाईच्या फुकट श्रमावर टाकण्याची आपली खोड जुनी आहे.

‘चालायचेच’ हा शब्द आपण फार वर्षे वापरला. मातामृत्यूंबाबतही एके काळी तोच वापरत होतो. दोन दशकांत तो खोटा ठरला, कारण कोणीतरी मोजायला आणि विचारायला सुरुवात केली. ज्यांच्या घरी या वर्षी बाळ आले आहे, त्यांनी सरकारची वाट पाहू नये. वरचे चार प्रश्न आजच आपल्या बहिणीला, सुनेला, बायकोला विचारावेत, आणि उत्तर ऐकून घ्यावे.